दाने उठू दे

मुलांनो,

तुमच्यापैकी एकीच्या लग्नाची पत्रिका मला मिळाली. जाड, दुधाळ कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरं. ती नुसती छापलेली नव्हती, कागदातून वर आलेली होती. मी चष्मा काढून ठेवला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग फोनवर नवरीनंच विचारलं, "आजी, एम्बॉसला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "उठाव." ती हसली. "उठाव म्हणजे बंड ना? कागदानं कुणाविरुद्ध बंड केलं?" तुम्ही सगळेच पलीकडे हसलात. मीही हसले आणि फोन तुमच्या मावशीच्या हातात दिला.

पुढचं मला फोनवर बोलता आलं नसतं. ते लिहायला बसले आहे, कारण जी भिंत मला त्या अक्षरांखाली लागली ती उभी होताना पाहिलेलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. लग्नाच्या वेळी असं काही लिहू नये, असं तुमची मावशी म्हणते. पण शब्द विचारलात तो लग्नाच्याच निमित्तानं, आणि मला तो लग्नाच्याच भिंतीवर भेटला होता. मला क्रमानं सांगायची सवय आहे, म्हणून आधी शब्द सांगते.

उठाव आला उठण्यातून. त्याच्या मुळाशी संस्कृतातलं उत् आणि स्था, म्हणजे वर आणि उभं राहणं. जे सपाट होतं ते उभं राहिलं की उठाव. तांब्यावर आतून ठोकून आणलेली वेल, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या देवळातली दगडी नक्षी, मातीच्या भिंतीवर मातीनंच काढलेला पोपट, हे सारं उठावाचं काम. दबलेली माणसं उभी राहिली तर त्यालाही उठाव म्हणतात, त्यामुळे तुमचं हसणं काही चूक नव्हतं. पण या शब्दाचं घर मोठं आहे आणि त्यात अंधाऱ्या खोल्याही आहेत. पंगत उठते, बाजार उठतो. अंगावर पुरळ उठतं. कुणी कुणाच्या जिवावर उठतो. तिरडी उठते. आणि एखाद्याचं सगळंच संपलं की आपण म्हणतो, तो आयुष्यातून उठला. शब्द एकच. तो कोणत्या खोलीतून बाहेर येईल हे बोलणाऱ्याच्या हातात नसतं. निदान माझ्या आईचा तसा ठाम समज होता. हा समज तिच्या मनातून निघावा, एवढ्या एका गोष्टीसाठी माझी थोरली बहीण वर्षानुवर्षं झटली. मला सांगायचं आहे ते तेच.

आमचं गाव देवरीहून चिचगडला जाणाऱ्या वाटेवर होतं. इंग्रजांचं राज्य होतं. पण आमच्या गावात राज्य दिसायचं ते वर्षाकाठी येणाऱ्या एखाद्या साहेबाच्या घोड्यापुरतं. बाकी सगळं धान. बाबांची धानाची जमीन होती आणि घर मातीचं, कवेलूंच्या छपराचं, ऐसपैस. आईला आम्ही माय म्हणायचो आणि बहिणीला ताई. ताई माझ्याहून बरीच मोठी होती. मी तिच्या कडेवर वाढले.

मायचा हात मातीत चालायचा. आमच्या घराण्यात रीत होती की मुलीचं लग्न ठरलं की आतल्या खोलीच्या भिंतीवर तिची बाहुली उठवायची. काढायची नाही, उठवायची. रंगाच्या बाहुलीला कुणी विचारत नसे. काळी माती, शेण आणि धानाचा कोंडा एकत्र कालवून कुजवायचा, तो लोण्यासारखा मऊ झाला की त्याच्या वळ्या करायच्या आणि ओल्या भिंतीवर चिकटवत जायच्या. बोट पाण्यात बुडवून कडा बसवायच्या. शेवटी दागिने. दागिने म्हणजे दाणे: मातीची बारीक गोळी भिंतीवर दाबायची आणि बांबूच्या काडीनं तिच्यावर मधोमध रेघ ओढायची. हुबेहूब धानाचा दाणा दिसे. असे दाणे गळ्यात, कानात, दंडावर, मनगटावर. वाळलं की पांढऱ्या छुई मातीचा हात फिरवायचा. दिव्याच्या उजेडात त्या दाण्यांच्या सावल्या पडायच्या आणि बाहुली श्वास घेतेय असं मला वाटायचं.

त्याच खोलीत धानाची ढोली होती, बांबूच्या चटईची, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची. बाहुलीचा एक हात ढोलीकडे लांबवलेला असे, म्हणजे जिथे जाईल तिथे तिचा हात धानाला लागावा. माय तो हात पार ढोलीच्या मागे जाईपर्यंत न्यायची. मागचं कुणाला दिसत नसे, तरी ती तो अर्धवट सोडत नसे.

ताईचं लग्न आमच्याच भागातल्या प्रतापगडाजवळच्या एका गावात ठरलं. मुहूर्त वैशाखातला होता, मायनं माघातच भिंत हाती घेतली. दुपारी शेजारच्या बाया येऊन बसायच्या. त्यात एक काकी होती, आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिची जीभ सगळ्या गावाला माहीत होती.

"ही कोन व?" काकी म्हणाली. "नवरी का नवरीची सासू? कंबर पाह्यली का हिची?"

"तुह्यावर गेली," माय भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

बाया हसल्या. काकी सोडणारी नव्हती. "कंबर जाऊ दे. तोंड तर पाह्य, पाटीसारखं सपाट. ही तुही पोरगी आहे म्हनून सांगशीन तर नवरा मांडवातूनच पळून जाईन."

माय तेव्हा वळली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, कपाळावर घाम. ती खुशीत होती. "माहीच पोरगी आहे," ती म्हणाली. "अंगभर दाने उठू दे, मंग पाह्य कशी दिसते!"

ताई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माय, नाकाले बी लाव. नथ पाहिजे मले."

मायनं एक गोळी घेऊन बाहुलीच्या नाकावर दाबली.

हे एवढंच बोलणं झालं. मी तिथेच मातीच्या गोळ्या वळत बसले होते, म्हणून ते मला शब्दन् शब्द आठवतं. पुढे ते इतक्यांदा उगाळलं गेलं की विसरणं शक्यच नव्हतं.

फाल्गुन लागला आणि ताईला ताप भरला. त्या हंगामात गावोगाव देवी आली होती. तुम्ही हा रोग पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही, तो जगातूनच गेला. तेव्हा त्याचं नावही घेत नसत. माता आली, एवढंच म्हणायचं. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले गेले. घरात फोडणी बंद झाली, कारण तेल तडतडलं की मातेला राग येतो. पायताण बाहेर, मोठ्यानं बोलणं बाहेर. बाबा वेशीवरच्या मातामायला रोज पाणी घालून यायचे. माझ्या अंगावर काहीच आलं नाही. मी लहान असताना टोचणीवाला गावात आला होता आणि त्यानं माझ्या दंडावर देवी काढली होती. त्या वेळी ताई मामाकडे चिचगडला होती. एवढंच खरं कारण. मला ते शाळेत गेल्यावर कळलं. मायला ते कधी कारण वाटलंच नाही.

चेहऱ्यावर आधी लाल ठिपके आले. मग ते वर आले. मग त्यांत पाणी भरलं, मग पू. गळ्यात, कानांच्या पाळ्यांवर, दंडांवर, मनगटांवर. एक नाकाच्या शेंड्यावर होता. माय निंबाच्या पाल्यानं वारा घालत बसायची आणि तिची नजर ताईकडून भिंतीकडे, भिंतीकडून ताईकडे जायची. भिंतीवरची बाहुली तिथेच होती, पांढरीशुभ्र, दागिन्यांनी मढलेली. तिच्याच पायाशी ताईची बाज.

काकी दारापर्यंत आली आणि बाहेरूनच हात जोडले. माता घरात असली की वाईट बोलायचं नसतं, कौतुकच करायचं असतं. तशी रीतच होती. काकी रीतीनंच बोलली. "दाने सुंदर उठले आहेत. भरले बी चांगले. राजी आहे माता."

मायचा वारा घालणारा हात थांबला. काकी गेल्यावर ती उठली, परसातून खुरपं घेऊन आली आणि भिंत खरवडायला लागली. तिनं डोळ्यांपासून सुरुवात केली. आधी डोळे, मग नाक, मग तोंड. माती वाळून टणक झाली होती. ढेकळं ताईच्या पांघरुणावर पडत होती. ताईला शुद्ध नव्हती. मी रडत होते आणि माय मला गप्प राहा म्हणत होती, कारण मातेला रडणं चालत नाही. गळा, दंड, परकर, पाय, सगळं तिनं खाली आणलं. दुसऱ्या दिवशी तिथे सपाट भिंत होती आणि तिच्यावर खुरप्याचे ओरखडे.

ताई जगली. खपल्या पडल्या आणि प्रत्येक दाण्याच्या जागी खळगा राहिला. उठलेलं सगळं आत गेलं. पण त्याआधीच तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता आणि तो गेला नाही. दोन्ही डोळे गेले.

आता मायच्या माथ्यावर दोन गोष्टी झाल्या. दाणे मी उठवले, आणि डोळे मी खरवडले, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं हे रडून सांगितलं नाही. तिनं हे चुलीसमोर बसून बाबांना सांगितलं, पाऊस आला नाही असं सांगावं तसं. बाबा म्हणाले, "येडी आहेस का? साऱ्या गावात माता आली. त्यायच्या घरी कोन भिंत लिंपून राहिलं होतं?" माय म्हणाली, "त्यायच्या पोरीचे डोरे गेले का?"

चैत्रात नवऱ्या मुलाचे वडील आले. सोबत एक चुलता. ते अंगणातच बाजेवर बसले. ताईला बाहेर आणावं लागलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता, तो चुलत्यानं बाजूला करायला सांगितला.

"पोरगी वाचली, मातेची किरपा," नवऱ्याचे वडील म्हणाले. "पन बापा, आमच्या घरी धानाचं काम. रोवणं, कापणी. आंधळी सून कशी चालन, तुमीच सांगा."

"पानी तर प्या," बाबा म्हणाले.

ते पाणी न पिताच गेले. वाईट माणसं नव्हती. जाताना चुलत्यानं ताईच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच वैशाखात त्यांनी दुसरी मुलगी करून घेतली.

काकी कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. ती आपल्या सुनेला म्हणाली, आणि हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही, "गेली बिचारी. पोरगी आयुष्यातून उठली."

मायच्या कानावर तो शब्द पडला तेव्हा ती विहिरीवरून येत होती. तिनं घागर खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि आत गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी उठ म्हणायचं नाही असं झालं. सकाळी मला जागं करायचं तर माय म्हणायची, "जागी हो." जेवणावरून "व्हा बाजूले." नवख्या माणसाला त्यात काहीच लक्षात आलं नसतं.

लग्न मोडल्याचं ताईला फारसं दुःख नव्हतं, किंवा असलं तरी तिनं ते मला दाखवलं नाही. तिला खुपायचं वेगळंच. माय तिच्यासमोर बसत नसे. तिला पहिला घास द्यायची, तिचं लुगडं धुवायची, केस विंचरायची ते मागे बसून. पण तोंडासमोर यायची नाही.

"मले दिसत नाही, तरी समजते," ताई मला एकदा म्हणाली. "आवाज नेहमी पाठीमागून येते. मी काही मागितलं तर दुसऱ्या खोलीतून उत्तर देते."

"तुझा चेहरा पाहवत नसेल तिला," मी म्हटलं.

"माहा चेहरा नाही व. तिले तिथं आपले हात दिसतेत." मग थोड्या वेळानं म्हणाली, "लग्न गेलं, डोरे गेले. आता माय बी जाऊन राहिली. हे मी नाही जाऊ देनार. तिच्या मनातून काढीन मी हे."

कसं काढणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

बाबांनी त्यानंतर ठरवलं की धाकटीचा भरवसा लग्नावर ठेवायचा नाही, हिला शिकवायचं. मला गोंदियाला माझ्या मावशीकडे ठेवलं. तिचे यजमान रेल्वेत कारकून होते. तिथे गल्लीत हिंदी, स्टेशनात हिंदी, दुकानात हिंदी. मी गावी आले की काकी म्हणायची, "आली हिंदीवाली. अब क्या खायेगी, भात का रोटी?" पुढे नागपूरला इंग्रजी शाळेत वसतिगृहात राहिले. ते सगळं एरवी कधी सांगेन. आत्ता त्यातलं एकच सांगते.

शाळेत एक मोठा इंग्रजी शब्दकोश होता, लाकडी चौकटीवर उघडा ठेवलेला. तो फक्त अर्थच नाही तर शब्द कुठून आला तेही सांगायचा. मला त्याचं वेड लागलं. एकदा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच्या उठावाच्या नक्षीला बाई एम्बॉस म्हणाल्या, म्हणून मी तो शब्द काढला. तो फ्रेंचांच्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आलेला. मूळ शब्दाचा अर्थ कुबड, टेंगूळ, सूज. आणि पूर्वी फुगून आलेल्या गळवालाही इंग्रज हेच विशेषण लावायचे. मी शब्दकोशासमोर उभी राहून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. सातासमुद्रापलीकडची माणसं, त्यांनी ना धान पाहिलेलं ना आमची भिंत, आणि त्यांनीही नक्षी आणि फोड एकाच शब्दात ठेवले होते.

मला त्यात दिलासा दिसला. म्हणजे हे सगळीकडेच आहे. माणसाला जे वर आलेलं दिसतं त्याला तो एकच नाव देतो, त्यात कुणाचा दोष नाही आणि शब्दात जोर नाही. उन्हाळ्यात गावी आले तेव्हा ताईला आधी सांगितलं. ताई म्हणाली, "मायले सांग. शिकलेल्याचं ऐकन कदाचित."

माय मोहाची फुलं वाळत घालत होती. मी माझ्या परीनं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं.

"तुह्या इंग्रजीत बी याचा अर्थ फोडच का?"

"मूळ अर्थ सूज. पण माय, त्याचा अर्थ असा की..."

"गोऱ्यायलेही माहीत आहे म्हनजे," माय म्हणाली. "मी समजत होती, मी एकटीच अडाणी म्हनून मले वाटते. तर नाही. पुस्तकात लिवलेलं आहे."

तिनं फुलं पसरायचं काम पूर्ण केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्या शिक्षणानं तिच्या समजुतीवर शिक्का मारला होता. ताई मला रागावली नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. "इंग्रजीनं जमलं नाही. पाहू."

पुढची काही वर्षं तशीच गेली. ताई घरातलं बहुतेक काम हातांनी शोधून करायची. धान पाखडायची, जात्यावर दळायची. गाईची धार काढायची आणि अंगण सारवायची. काकीसुद्धा म्हणायची की आंधळीच्या सारवणात खडा सापडत नाही. मायचा आवाज पाठीमागूनच येत राहिला.

मग एका वर्षी ढोलीला वाळवी लागली. तळाकडून चटई पोकळ झाली होती. बाबांनी गड्यांना बोलावून धान उपसलं आणि रिकामी ढोली बाहेर ओढली. मी तेव्हा सुट्टीत घरी होते. मागच्या भिंतीवर कोळिष्टकं आणि धूळ होती. ताई ती हातानं झाडायला लागली आणि मध्येच थांबली.

"इथं काही आहे," ती म्हणाली. मग तिचा हात हळूहळू सरकला. "हे बोट आहे. हे दुसरं. माय! अवो माय, इकडं ये!"

खरवडताना ढोलीच्या मागे खुरपं पोहोचलं नव्हतं. बाहुलीचा लांबवलेला हात मनगटापासून पुढे तसाच राहिला होता. बोटं, तळवा, आणि मनगटावर दाण्यांची एक ओळ. प्रत्येक दाण्यावर काडीची रेघ.

माय दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. तो मी लिहिणार नाही.

"खुरपं आन," ती मला म्हणाली.

"नको आनू," ताई म्हणाली. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात मागे त्या हातावर ठेवून. "माय, आता तू ऐक. इतकी वर्षं मी ऐकून राहिली. तू सारं खरवडलं. माह्या तोंडावरचा एक तरी खड्डा बुजला का?"

मायनं भिंतीवरून नजर काढली.

"आन् हे राहिलं. कोनाले माहीत बी नव्हतं, इतकी वर्षं दाने हातावर तसेच. माह्या हाताले काही झालं का? सांग ना. याच हातानं दळते. याच हातानं तुह्या गाईची धार काढते. भिंतीवरच्यानं होत असतं तर हे हात पहिले झडले असते."

"ते झाकलेलं होतं," माय म्हणाली. "मातेले दिसलं नाही."

"मातेले ढोलीमागचं दिसत नाही? मंग कायची माता व ती?"

मला हसू आलं, आणि क्षणभर वाटलं मायलाही येईल. बाबा बाहेरून ओरडले की असं बोलू नये. माय वळून गोठ्यात गेली आणि बैलांना पाणी दाखवलं, खरं तर ते पाणी पिऊन झाले होते. खुरपं कुणी आणलं नाही. नवी ढोली दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली गेली. त्या कोपऱ्यात का, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी घर लिंपतात. त्या खोलीची ती भिंत माय दर वर्षी स्वतःच लिंपायची. त्या वर्षी मी आले तेव्हा लिंपण झालेलं होतं. भिंत ओली, गुळगुळीत, आणि त्यात तो हात कोरडा. मायनं त्याच्या भोवतानं लिंपलं होतं. बोटांच्या फटींतसुद्धा जपून, एकही थेंब वर येऊ न देता.

ताईला मी सांगितलं. तिनं जाऊन चाचपलं. "हात लावला नाही तिनं," ती म्हणाली, "आन् पुसला बी नाही." ती खूश होती की नाही, मला कळलं नाही.

माय पुढे दर दिवाळीला तसंच करत राहिली. मातीचा थर दर वर्षी थोडाच चढतो, पण चढतो. भोवतालची भिंत पुढे येत गेली आणि हात जागच्या जागी राहिला. आधी तो भिंतीच्या वर होता. मग भिंतीबरोबर झाला. मग भिंतीच्या आत गेला. मी नोकरी करून, लग्न करून, मूल घेऊन गावी आले तेव्हा तो एका उथळ खळग्यात होता, ताईच्या गालावरच्या खळग्यांसारख्या. उठाव म्हणावा असं त्यात काही उरलं नव्हतं. दाण्यांना हात लावायचा तर बोट आत घालावं लागायचं.

माय गेली ती स्वातंत्र्याच्या वर्षी, पावसाळ्यात, गावात झेंडा लागून थोडेच दिवस झाले होते. शेवटी तिचीही नजर अधू झाली होती. ती बाजेवर पडून असायची आणि ताई तिच्या उशाशी. एके दुपारी मी तिथे होते. माय बराच वेळ झोपली आहे असं वाटत होतं. मग ती म्हणाली, "भिंतीवरचा हात आहे का व?"

"आहे," ताई म्हणाली.

"दाने?"

तो शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. ताई सावकाश म्हणाली, "आहेत, माय. मोजून सांगू का?"

"नको."

थोड्या वेळानं माय म्हणाली, "इकडं सरक." ताई सरकली. मायनं हात वर केला, ताईच्या चेहऱ्यावर ठेवला, आणि लगेच काढून घेतला. झालं ते एवढंच. तिच्या मनातलं निघालं की नाही, हे मी ताईला पुढे पुष्कळदा विचारलं. ताई दर वेळी म्हणायची, "पुरतं नाही निघालं. पन समोर तर आली."

त्या दिवाळीला भिंत ताईनं लिंपली. मी म्हटलं, "आता बुजवून टाकू या का? माय नाही, कुणाला जपायचं?" ताईनं मातीचा हात थांबवला. "ती इतकी वर्षं भोवतानं गेली," ती म्हणाली. "मले बी रस्ता माहीत आहे." आणि तिनं बोटांनी कड शोधत शोधत लिंपलं.

ताई जाऊनही आता खूप वर्षं झाली. शेत वाटलं गेलं, घर दुसऱ्या कुटुंबाकडे गेलं. ते लोक चांगले आहेत, मी गेले की चहा करतात. पुढचा भाग त्यांनी विटांचा केला. आतली खोली मातीचीच आहे, तिथे ते खताची पोती ठेवतात. मागे गेले होते तेव्हा मी त्यांना दोन पोती सरकवायला लावली. हात अजून आहे. अंगठ्याचं टोक गळून पडलं आहे, चार बोटं शाबूत आहेत, आणि मनगटावरच्या ओळीत दाणे बोटाला लागतात.